इंजिनाच्या पोटातली साखळी

जुन्या मोटारीचा मालक तिच्या आवाजावरून तिची प्रकृती ओळखतो. घरातील वृद्ध मनुष्य खोकला की मुलाला खोकल्यावरूनच कळते, आज दमा उसळला आहे की नुसता घसा बसला आहे. तसाच हा प्रकार. सायलेन्सर फाटला, टॅपेट वाजू लागले, पंख्याचा पट्टा किंचाळला, तर ते त्याला चटकन समजते. परंतु एक आवाज असा आहे की तो रोज ऐकूनही पुष्कळ मालक वर्षानुवर्षे कानाआड करतात. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या अगदी पुढच्या अंगाला, पंख्याच्या मागे, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत असा खडखडाट होतो. थोड्या वेळाने इंजिन तापते, वेग वाढतो आणि तो आवाज इतर आवाजांत बुडून जातो. मालक म्हणतो, "जुनी गाडी आहे, वाजायचीच!" तो आवाज टायमिंग चेनचा असू शकतो. तसा तो असला तर त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नसते.

वाचकहो, आपल्या खेड्यापाड्यांतून अजूनही काही घरी जपून ठेवलेली ॲम्बेसिडर आढळते. मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने १९५७-५८ च्या सुमारास बाजारात आणली आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ च्या मे महिन्यापर्यंत चालू होते. या दीर्घ काळात तिच्यात अनेक इंजिने बसविली गेली. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन. आजचे विवेचन मुख्यतः त्या इंजिनाला धरून आहे. तत्त्व मात्र साखळीवर चालणाऱ्या बहुतेक सर्व जुन्या इंजिनांना लागू पडते.

साखळी करते तरी काय?

इंजिनात दोन मुख्य दांडे फिरत असतात. खालचा जाड दांडा क्रँकचा. पिस्टनची वरखाली होणारी धाव तो गोल फिरण्यात बदलतो आणि पुढे चाकांपर्यंत पोहोचवितो. दुसरा कॅमचा दांडा. त्यावरील उंचवटे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, वेळेवर उघडतात व मिटू देतात. पेट्रोल आणि हवा आत ओढणे, दाबणे, पेटविणे आणि जळका धूर बाहेर टाकणे, या चार कामांसाठी क्रँकला दोन फेरे घ्यावे लागतात. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह मात्र एकदाच उघडतो. म्हणून क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एकच झाला पाहिजे. क्रँकवर लहान आणि कॅमवर दुप्पट दातांचे मोठे दंतचक्र बसवून त्या दोहोंवर एक अखंड साखळी चढविली की हा हिशोब आपोआप जुळतो. मिस्त्री लोक या चक्रांना टायमिंग गिअर आणि साखळीला टायमिंग चेन म्हणतात.

या जातीची साखळी, म्हणजे पोलादी खिळी, तिच्यावर नळी आणि नळीवर फिरणारा रूळ अशी रचना असलेली, हान्स रेनॉल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या कारागिराने १८८० साली इंग्लंडातील मँचेस्टर येथे शोधून काढली. आपल्या सायकलची साखळी याच घराण्यातली. फरक इतकाच, की सायकलची साखळी धुळीत फिरते, तर इंजिनातली पत्र्याच्या झाकणाआड तेलात न्हात असते.

ॲम्बेसिडरच्या या इंजिनात साखळीवर केवळ व्हॉल्व्ह अवलंबून नसतात. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर आणि सर्व अवयवांना तेल पाजणारा पंप हे दोन्ही कॅमच्याच दांड्यावरून फिरतात. म्हणजे इंजिनाचा श्वास, अग्नी आणि तेल या तिन्ही गोष्टी त्या एका साखळीच्या हाती आहेत.

झिजते ती कशी?

साखळी "ताणली" असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः पोलादाच्या पट्ट्या काही रबरासारख्या लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यात खिळी आणि नळी एकमेकींवर घासतात व तेथे केसाएवढी फट पडते. एका सांध्याची फट डोळ्यांना दिसणारही नाही. परंतु साखळीला ५० सांधे आहेत आणि प्रत्येकात मिलिमीटरचा पन्नासावा भाग झिजला असे समजा. सगळ्यांची बेरीज एक मिलिमीटर भरते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण अशा नुकसानालाही लागू पडते.

हे घासणे किती वेळा होते याचाही हिशोब पाहू. लहान चक्राला २० दात आहेत आणि क्रँक मिनिटाला २००० फेरे घेतो आहे असे धरू. तेव्हा मिनिटाला ४०,००० दात कड्यांखालून जातात, म्हणजे ५० कड्यांची साखळी मिनिटाला ८०० प्रदक्षिणा पुऱ्या करते. प्रत्येक प्रदक्षिणेत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो: लहान चक्रावर चढताना व उतरताना, आणि मोठ्यावर चढताना व उतरताना. म्हणजे मिनिटाला ३२०० वेळा! तेल स्वच्छ असेल तर हे सारे ती निमूटपणे सोसते. तेल काळे पडून त्यात काजळी आणि धातूची कीस मिसळली, की तेच तेल सांध्यांत सँडपेपरचे काम करू लागते. साखळी लवकर झिजण्याचे एक मोठे कारण म्हणजे वेळेवर न बदललेले तेल.

साखळी लांबली की क्रँक ओढतो, पण कॅम थोडा मागे रेंगाळतो. आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. वर चढणारा पिस्टन ओढून घेतलेल्या वायूचा काही भाग आल्या वाटेने परत ढकलून देतो. हा तोटा कमी वेगात विशेष जाणवतो. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते, पण चढ लागला आणि वेग मंदावला की तिचा जीव जातो. जेथे पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे तेथे दुसरा घालावा लागतो. डिस्ट्रिब्यूटरही कॅमबरोबरच मागे पडत असल्याने ठिणगीही उशिरा पडते. पेट्रोल अधिक जाते, इंजिन अधिक तापते. मालक कार्ब्युरेटर साफ करवितो, प्लग बदलतो, पेट्रोलपंपवाल्यावर संशय घेतो. आणि खरा अपराधी झाकणाआड खडखडत राहतो.

सायकलची साखळी सैल झाली तर आपण मागचे चाक किंचित ओढून घेतो, किंवा एखादी कडी काढून टाकतो. इंजिनात यांपैकी काहीच करता येत नाही. दोन्ही दांड्यांमधील अंतर कायमचे ठरलेले असते आणि झिजलेल्या साखळीच्या कड्यांचे अंतर चक्राच्या दातांशी जुळेनासे झालेले असते. काही इंजिनांत सैलपणा आवरण्यासाठी चक्राला रबरी कड्या असतात. काहींत तेलाच्या दाबाने पुढे सरकून साखळीला टेकणारा ताणक असतो. पण ही साधने सैलपणा झाकतात, झीज भरून काढीत नाहीत. तिला उपाय एकच: नवी साखळी.

संशय खरा की खोटा?

खडखडाट ऐकू आला की लगेच झाकण उघडावे असे मात्र नव्हे. पाण्याच्या पंपाचे बेअरिंग किंवा सैल झालेली डायनॅमोची पट्टीही असाच आवाज काढते. प्रथम पंख्याचा पट्टा उतरवून इंजिन क्षणभर चालवून पाहावे. आवाज थांबला तर दोष बाहेरचा. न थांबल्यास पुढील साधी परीक्षा करावी. तिला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

इग्निशन बंद ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये असावा, हँडब्रेक ओढलेला असावा. चारही प्लग काढावेत म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडावे आणि दुसऱ्या कोणाला तरी आतील फिरत्या रोटरवर नजर ठेवण्यास सांगावे. आता क्रँकची पुली हळूहळू एका दिशेला फिरवावी. रोटर हलू लागला की थांबावे, पुलीवर खडूने खूण करावी, आणि तीच पुली उलट दिशेला फिरवावी. रोटर पुन्हा हलेपर्यंत पुली किती सरकली ते पाहावे. ही जी मधली मोकळी चाल, ती मुख्यतः साखळीच्या सैलपणाची. डिस्ट्रिब्यूटरच्या स्वतःच्या दातांतही थोडी फट असते, म्हणून तीन-चार अंशांनी घाबरून जाऊ नये. पण ही चाल दहा अंशांच्या पलीकडे गेली तर साखळीचे दिवस भरले असे समजावे. पुलीचा व्यास १५ सेंटिमीटर धरला तर दहा अंश म्हणजे तिच्या काठावर सुमारे १३ मिलिमीटर. पट्टीने सहज मोजता येते.

"मिस्त्री, अजून दोन-चार महिने निघतील का?" हा प्रश्न अशा वेळी प्रत्येक मालकाच्या ओठांवर येतो. कदाचित निघतीलही. पण ते महिने कसे संपतील हे कोणी सांगू शकत नाही. सैल साखळी झाकणाच्या पत्र्याला घासते आणि तिची कीस तेलात पडून बेअरिंगांपर्यंत जाते. एखाद्या दिवशी ती एक दात उडी मारते. मोठ्या चक्राला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकच्या मापाने १८ अंश. एवढ्या फरकाने इंजिन धड सुरूही होत नाही. आणि साखळी तुटलीच, तर व्हॉल्व्ह, ठिणगी आणि तेल ही तिन्ही एका क्षणात बंद पडतात. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वाट एकच असते, तेथे तर व्हॉल्व्ह वाकतात आणि सगळे हेड उतरवावे लागते. चोर्ला घाटाच्या वळणावर, रात्रीच्या वेळी, मागच्या आसनावर आजारी माणूस घेऊन बेळगावच्या इस्पितळाकडे निघालेल्या गाडीत असे घडले तर काय, याचा विचार "दोन-चार महिने" म्हणण्यापूर्वी करावा.

उघडण्याचे काम

हे काम जाणत्या मिस्त्रीने करावे. तथापि ते कसे होते हे मालकाला ठाऊक असले तर देखरेख नीट होते आणि घाईला आळा बसतो.

इंजिन थंड असावे. बॅटरीची तार सोडावी, रेडिएटरचे पाणी काढावे, होज सोडून रेडिएटर उचलून घ्यावा, म्हणजे समोर मोकळी जागा होते. पंखा व पट्टा काढल्यावर क्रँकच्या टोकाचा मोठा नट येतो. हँडल मारून गाडी सुरू करण्यासाठी ज्यात हँडल अडकते, तोच हा. त्याच्या खालच्या लॉक वॉशरची दुमडलेली कड आधी सरळ करावी लागते. नट फार घट्ट असतो आणि पाना लावला की इंजिनच फिरू लागते. म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, हँडब्रेक ओढून, चाकांना ओंडके लावतात. नट निघाल्यावर पुली पुलरने ओढावी. येथेच पुष्कळजण हातोडा उचलतात. पुलीच्या काठावर हातोडा बसला तर ती वाकते किंवा तिचा टवका उडतो, आणि पाचशेचे काम पाच हजारांवर जाते.

पुढचे झाकण लहान-मोठ्या स्क्रूंनी बसविलेले असते. कोणता स्क्रू कोणत्या छिद्रातला हे कळावे म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून तिच्यात ते त्याच जागी टोचून ठेवावेत. झाकणाआड तेल उडविणारी वाटोळी चकती असते. तिची कोणती बाजू पुढे होती ते काढतानाच टिपून ठेवावे. ती उलटी बसली तर पुढच्या सीलमधून तेल गळू लागते.

आता दोन्ही दंतचक्रे आणि साखळी समोर दिसतात. प्रत्येक चक्रावर एक ठिपक्यासारखी खूण असते. क्रँक सावकाश फिरवून ही दोन ठिपकी एकमेकांसमोर, दोन्ही दांड्यांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर आणावीत. साऱ्या कामाचा कणा तो हाच. एकदा ठिपकी समोरासमोर आली की काम संपेपर्यंत दोन्हीपैकी एकही दांडा हलू द्यावयाचा नाही.

त्यानंतर कॅमचा नट सोडतात. खाली तेलाच्या टाकीकडे जाणाऱ्या फटीत स्वच्छ फडके कोंबून ठेवावे; दांड्यावरील चावी किंवा एखादा वॉशर आत पडला तर तो शोधण्यात दिवस जातो. मग दोन्ही चक्रे आळीपाळीने थोडी थोडी पुढे सारीत, साखळीसकट एकदमच बाहेर घ्यावीत. लहान चक्रामागे पातळ वॉशर असतात. ते हरवू देऊ नयेत.

काढलेली साखळी आडवी, कडेवर धरून पाहावी. नवी साखळी अशी धरली तर जवळजवळ सरळ राहते. झिजलेली धनुष्यासारखी खाली झुकते. मालकाला खात्री पटविण्यास याहून सोपे प्रात्यक्षिक नाही. चक्रांचे दातही पाहावेत. ते एका अंगाला आकडीसारखे वळलेले असतील तर चक्रेही बदललीच पाहिजेत, कारण अशा दातांवर नवी साखळी थोड्याच काळात जुनी होते.

नवी साखळी चढविताना

बाजारातून सुटा भाग आणताना जुना भाग हातात घेऊन जावे. साखळी एकपदरी की दुपदरी, कड्या किती, चक्रांचे दात किती, हे दुकानातच मोजून पाहावे. २०१४ पासून गाडीचे उत्पादन बंद असल्याने जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत निरनिराळ्या इंजिनांचा माल एकत्र पडलेला असतो. नावावर न जाता मापावर जावे.

चक्रांच्या दातांवर लोखंडी सरळपट्टी टेकवून दोन्ही चक्रे एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहतात. थोडेही पुढेमागे असेल तर लहान चक्रामागील पातळ वॉशर कमीजास्त करून ते जुळवावे. तिरपी धावणारी साखळी कडेने घासून लवकर संपते. मग नव्या साखळीला तेल लावून ती दोन्ही चक्रांवर बाहेरच, मेजावर चढवावी, ठिपकी समोरासमोर ठेवावीत, आणि तो सर्व जोड एकदमच दोन्ही दांड्यांवर सारावा. चाव्या खाचांत नीट बसल्या पाहिजेत. बसत नाहीत म्हणून ठोकू नये. खाच थोडी मागेपुढे झालेली असते, तेवढीच जुळवून घ्यावी.

झाकण लावण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो आणि ठिपकी पुन्हा समोरासमोर येतात. आली नाहीत, तर दात चुकला आहे. तेव्हाच उतरवून पुन्हा बसवावे. या पाच मिनिटांचा कंटाळा केला तर सगळे जोडून झाल्यावर पुन्हा रेडिएटरपासून सुरुवात करावी लागते.

पुढचे ऑइल सील आणि पॅकिंग नवेच घालावे. झाकणाचे स्क्रू आधी सैलच ठेवून, सीलला तेलाचे बोट लावून, पुली आत सरकवावी आणि मगच स्क्रू आवळावेत. म्हणजे सील पुलीभोवती मध्यावर बसते व गळत नाही.

विसरू नये अशी गोष्ट

इंजिन सुरू झाले, खडखडाट गेला, मालकाचा चेहरा खुलला, आणि येथेच पुष्कळ ठिकाणी काम संपले असे समजतात. परंतु जुनी साखळी सैल होत गेली तसतशी ठिणगी उशिरा पडू लागली होती, आणि ती भरपाई म्हणून कोणीतरी डिस्ट्रिब्यूटर थोडा थोडा फिरवून पुढे घेतलेला असतो. आता नव्या साखळीने कॅम आपल्या योग्य जागी आला; डिस्ट्रिब्यूटर मात्र जुन्या आजाराच्या मापाने बसविलेला राहिला. ठिणगी आता गरजेपेक्षा लवकर पडते, चढावर इंजिन ठोके देते आणि पिस्टनला मार बसतो. म्हणून साखळी बदलल्यावर ठिणगीची वेळ पुन्हा बांधून घ्यावी, टॅपेटची फट तपासावी आणि तेल बदलावे. काठीचा आधार घेऊन चालणाऱ्याचा पाय बरा झाला, तर त्याने चालही सुधारून घ्यावी लागते, तसेच हे.

खर्चाचा विचार

या कामात साखळीची किंमत थोडी आणि उघडण्या-मिटण्याची मेहनत मोठी असते. म्हणून चक्रे, रबरी कड्या किंवा ताणक, सील, पॅकिंग आणि लॉक वॉशर यांपैकी जे संशयास्पद असेल ते याच वेळी बदलावे. चार पैसे वाचविण्यासाठी जुनी चक्रे ठेवली आणि वर्षाने पुन्हा तेच झाकण उघडावे लागले, तर मजुरी दुप्पट होते. काटकसर म्हणजे कमी खर्च करणे नव्हे. एकच खर्च दोनदा न करणे होय.

पुढे आलेल्या पुष्कळ गाड्यांत साखळीच्या जागी दातांचा रबरी पट्टा आला. १९८३ साली भारतात आलेल्या मारुती ८०० मध्ये तोच होता. पट्टा शांत चालतो, आणि तुटतानाही बहुधा शांतपणेच तुटतो. म्हणून तो ठरलेल्या अंतरानंतर आवाजाची वाट न पाहता बदलावा लागतो. जुनी साखळी त्या मानाने दिलदार. ती आपले दुखणे महिनोन् महिने रोज सकाळी बोलून दाखविते. ऐकणाऱ्याने ते ऐकले, तर तीस-चाळीस वर्षांची गाडीही आणखी काही वर्षे कुटुंबाची सेवा करील. म्हणून उद्या सकाळी गाडी सुरू कराल तेव्हा बॉनेट उघडून क्षणभर पंख्याच्या मागे कान द्या, आणि आवाज आलाच तर गॅरेजला जाण्याचा दिवस त्याच वेळी ठरवून टाका.